रिझ हा शब्द आपलाच

आमच्या घरात खिडकीला कुठला पडदा लावायचा, सुट्टीत कुठे जायचं आणि मी कुठला शर्ट घालायचा, याबद्दलचा शेवटचा शब्द बायकोचा असतो. पण खुद्द शब्दांबद्दलचा शेवटचा शब्द माझा. बावीस वर्षं मी एका साप्ताहिकात मुद्रितं तपासतोय. माझ्या नजरेतून वेलांटी सुटत नाही, आणि ऑफिसात माझ्या पाठीमागे मला वेलांटीच म्हणतात हेही मला ठाऊक आहे. शिवाय सहाव्या पानावर खाली उजवीकडे ‘शब्द कुठून आला’ नावाची जी चौकट येते, ती माझी. तुम्ही शब्द सांगा, मी त्याच्या बापाचं नाव सांगतो. थोडा वेळ दिलात तर आजोबांचंही.

हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी जी काही शोभा झाली ती वाचून तुमचा गैरसमज व्हायला नको.

बायको इथल्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर असते. तीन महिन्यांपूर्वी तिथे जुनी पुस्तकं दुरुस्त करायला एक बाइंडर आले. त्यांना सगळे बाइंडरच म्हणतात. एका शनिवारी त्यांनी वाचनालयाच्या हॉलमध्ये फाटलेलं पुस्तक कसं शिवायचं याचं प्रात्यक्षिक दाखवलं. मी गेलो नाही. फाटलेलं पुस्तक शिवताना बघायला कोण जाणार, असं मला वाटलं. चाळीस माणसं गेली. त्यांत आमची कॉलेजात जाणारी लेकही गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. लेक म्हणाली, “आई, काही म्हण, बाइंडर काकांकडे रिझ आहे.”

बायको हसली. “आहे खरं.”

“नुसतं नाही. भरपूर आहे.”

माझा घास हातात थांबला. हा शब्द मी ऐकलेला नव्हता. पण ज्या माणसाकडे अख्खी गल्ली शब्द विचारायला येते, त्यानं स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीला शब्दाचा अर्थ विचारायचा? मी डोकं चालवलं. बाइंडरकडे काय भरपूर असणार? पुठ्ठा, दोरा, खळ, कापड. त्यातलंच काहीतरी नवं निघालेलं असणार.

“चांगल्या प्रतीचं आहे का?” मी विचारलं.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

“एक नंबर,” लेक म्हणाली.

“मग थोडं आपल्याकडेही आणून ठेवा. घरात असलेलं बरं.”

लेकीला ठसका लागला. बायकोनं तिच्या पाठीवर थोपटायला हात उचलला, पण तिलाच हसू आवरेना, त्यामुळे ती टेबलावरच थोपटत बसली. मीही थोडा हसलो. आपण विनोद केलाय असं लोकांना वाटत असेल तर तसं वाटू द्यावं, हा माझा जुना नियम आहे.

“बाबा, ते आणता येत नाही,” लेक डोळे पुसत म्हणाली. “एक तर असतं, नाही तर नसतं.”

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी पानं लावणाऱ्या मुलीच्या टेबलापाशी घुटमळलो. ही मुलगी कानाला हेडफोन लावून दिवसभर आमच्या मजकुराच्या चौकटी इकडून तिकडे सरकवत असते आणि जगातलं सगळं तिला माहीत असतं.

“एका वाचकाचं पत्र आलंय,” मी म्हणालो. “रिझ म्हणजे काय विचारतो. मला माहीत आहे, पण तुमची पिढी नेमक्या कुठल्या अर्थानं वापरते ते बघायचं होतं.”

“म्हणजे चार्म हो. समोरचं माणूस आपोआप ओढलं जातं ना, ते. विशेषतः मुलींना पटवायची कला.”

“पटवायची.”

“हां. दोन वाक्यं बोलला की समोरची गार. अशा माणसाकडे रिझ असतं.”

मी जागेवर येऊन बसलो. समोर पाककृतीच्या पानाचं मुद्रित होतं. त्यात ‘चिमूटभर मीठ’ऐवजी ‘चिमूटभर मिठी’ छापलेलं होतं आणि मी ते तसंच पुढे जाऊ दिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ‘आहे खरं,’ बायको म्हणाली होती. आणि कशी म्हणाली होती? विचार न करता. एखाद्या दुकानात साखर आहे का विचारल्यावर दुकानदार म्हणतो तसं.

मग मला एकेक आठवायला लागलं. दोन महिने घरात ‘बाइंडर म्हणतात’ सुरू होतं. बाइंडर म्हणतात, पुस्तक कपाटातून काढताना वरून ओढू नये. बाइंडर म्हणतात, कागदाला वास असतो आणि त्यावरून त्याचं वय कळतं. माझंही वय झालंय, माझा वास कोणी घेतला नव्हता.

माणूस एकदा बघायलाच हवा होता. त्यासाठी निमित्त हवं, म्हणजे फाटकं पुस्तक हवं. पण मी पुस्तकं जपून वापरतो, माझ्याकडे एकही फाटकं निघेना. शेवटी मी माझा मोठा शब्दकोश घेतला, दार लावून घेतलं आणि त्याचा कणा धरून ओढला. तो सुटेना. गुडघ्यात धरून ओढला तेव्हा एकदम सुटला आणि मी खुर्चीसकट मागे गेलो. कंबरेतून काहीतरी आवाज आला, पण कोश व्यवस्थित फाटला.

वाचनालयाच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे. उत्तरेच्या खिडकीखाली टेबल, टेबलावर लाकडी दाबयंत्र, दोऱ्याची रिळं, खळीचं भांडं. बाइंडर तिथे बसले होते. मी मनात कोणीतरी उंच, पाणीदार डोळ्यांचा माणूस धरून गेलो होतो. हे पन्नाशीचे, बुटके, कपाळाला डिंक लागलेले. मला इतकं बरं वाटलं की कंबर दुखायची थांबली.

बायको तिथेच होती. ती शिवणीचा दोरा ताणून धरत होती आणि बाइंडर सुई ओवत होते.

“तुम्ही?” बायको म्हणाली. “इथे?”

“कोश फाटला,” मी म्हणालो.

बाइंडरांनी दोन्ही हातांनी कोश घेतला. कोणी आपलं बाळ पहिल्यांदा हातात दिल्यावर घ्यावं तसा. कणा उलटून पाहिला, बोट फिरवलं.

“वा,” ते म्हणाले. “काय वापरलाय हो तुम्ही. पानं बघा, कडा कशा मऊ झाल्यात. साहेब, असा वाचलेला कोश मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.”

कोणी मला असं कधी म्हणालं नव्हतं. माझ्या नकळत माझे खांदे जरा मागे गेले.

“फक्त हे फाटलेलं वापरानं नाही,” ते पुढे म्हणाले. “कोणीतरी ओढलंय. जोर लावून.”

बायको माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर एक भिंत होती.

“मांजर असेल,” मी म्हणालो.

“आपल्याकडे मांजर नाही,” बायको म्हणाली.

“म्हणूनच आश्चर्य वाटतं.”

बाइंडर हसले नाहीत. “होतं असं,” एवढंच म्हणाले आणि कोश हळूच कापडात गुंडाळून ठेवला. बायकोनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी ओळखली. कोणी तिच्या माणसाची लाज राखली की ती असं बघते. आता तिच्या माणसाची लाज राखायचं काम दुसऱ्यानं करायचं, आणि तेही मी समोर उभा असताना?

घरी येताना मी मनात त्या माणसाशी भांडत होतो. सुई-दोऱ्यात मी त्याला हरवू शकणार नव्हतो. पण तो शब्द? शब्द हे माझं मैदान. निदान तो शब्द तरी त्याच्याकडून काढून घ्यायचा.

आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर मला ते सुचलं. रिझणे! रिझवणे! मन रिझवणं, समोरच्याला रिझवणं. अहो, हा तर आपला शब्द. इंग्रजांच्या पोरांनी उचलला आणि आपल्यालाच नवा म्हणून विकला. अर्थ तोच, आवाज तोच, आणखी काय हवं? मी दोन-दोन पायऱ्या चढलो, कंबरेनं आठवण करून दिल्यावर एकेक.

त्या संध्याकाळी मी एका बैठकीत चौकट लिहिली. खलाशांनी हा शब्द जहाजावर कसा नेला, बंदरांवर तो कसा रुळला, पुढे त्याचं शेपूट कसं झडलं, हे मी इतक्या तपशिलात लिहिलं की जहाज मी स्वतः हाकत होतो असं वाटावं. पुरावा शोधायला कोश उघडला असता, पण तो बाइंडरांकडे होता. शेवटी मला राहवलं नाही. मी लिहिलं, ‘रिझवणारा माणूस हा शब्दांचा असतो, खळीचा नव्हे.’

संपादक चौकट वाचून खुर्चीतून उठले. “वेलांटी,” ते म्हणाले आणि चटकन जीभ चावली, “म्हणजे, साहेब, हे सहाव्या पानावर कशाला? हे पहिल्या पानावर घेऊ.”

रविवारी अंक आला. बायकोनं उभ्यानंच वाचला.

“खळीचा नव्हे, हे कोणाला?” तिनं विचारलं.

“सर्वसाधारण.”

“असं,” ती म्हणाली. आमच्या घरात ‘असं’ या शब्दाचे नऊ अर्थ आहेत आणि त्यातला एकही चांगला नाही.

लेक खोलीतून अंक घेऊनच आली. “बाबा, हे साफ चूक आहे. रिझ हे कॅरिझ्मामधून आलंय. मधला तुकडा उचललाय. हे सगळ्यांना माहीत आहे.”

“शब्दाचं असं पोट कापत नसतात,” मी तिला समजावलं. “फोटोग्राफचा फोटो होतो, कारण डोकं ठेवतात आणि शेपूट टाकतात. कधी डोकं टाकून शेपूट ठेवतात, टेलिफोनचा फोन होतो तसा. मधला तुकडा कोणी उचलत नाही. भाषेला काही नियम असतात.”

“मग फ्रिज?”

“फ्रिजचं काय?”

“रेफ्रिजरेटरमधला मधलाच तुकडा आहे ना तो?”

मी उठून फ्रिज उघडला आणि आत काहीतरी शोधायला लागलो. बराच वेळ शोधलं. दार लावलं तेव्हा लेक तिथेच उभी होती.

“मान्य करा ना बाबा. चूक होते माणसाची.”

मी करणारही होतो. देवाशपथ. पण तेवढ्यात फोन वाजला. मग पुन्हा वाजला. दुपारपर्यंत अकरा फोन आले. एक गृहस्थ रडायच्या बेतात होते, म्हणाले, “आज मान ताठ झाली.” कोणाच्या ताठ झालेल्या मानेवर फ्रिज घालायचा? मला धीर झाला नाही.

मंगळवारी बायको वाचनालयातून आल्यावर म्हणाली, “लोक सारखे विचारताहेत. शनिवारी चार वाजता हॉल रिकामा आहे. बोलाल का?”

शहाण्या माणसानं नाही म्हणायला हवं होतं. “बाइंडरांच्या वेळी किती माणसं होती म्हणालीस?” मी विचारलं.

“चाळीस.”

“साठ खुर्च्या लाव,” मी म्हणालो.

शनिवारी साठ कमी पडल्या. मागे लोक भिंतीला टेकून उभे होते आणि वरच्या चार खुर्च्या बाइंडर स्वतः आपल्या खोलीतून उचलून आणत होते. पहिल्या रांगेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई वही उघडून बसल्या होत्या. लेक तिसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. बायको दाराशी.

सुरुवात झकास झाली. खलाशी आले, बंदरं आली, टाळ्या आल्या. मी बायकोकडे पाहिलं. ती बाइंडरांशी काहीतरी कुजबुजत होती. मी आवाज चढवला. जहाज एक होतं, त्याची तीन केली. शेवटी मी म्हणालो, “रिझ हा शब्द आपलाच,” आणि हॉल दणाणला.

निवृत्त बाईंनी पेन वर केलं.

“छान सांगितलंत. फक्त लिहून घेते. कुठलं जहाज?”

“जहाज,” मी म्हणालो, “तसं बरंच मोठं होतं.”

“साल?”

“साल त्या मानानं जुनं.”

“पुरावा कुठे मिळेल?”

सत्तर माणसं माझ्याकडे बघत होती. लेकीनं हाताची घडी सोडली आणि तोंडावर हात ठेवला. बायको दारातून दोन पावलं पुढे आली होती, जणू मी पडलो तर धरणार होती. उद्यापासून गल्लीत मला शब्द कोण विचारणार? घरात तरी कोण विचारणार?

“बाई,” मागून आवाज आला. बाइंडर खुर्ची छातीशी धरून उभे होते. “मध्ये बोलतो, माफ करा. मला वाटलं साहेब गंमत करताहेत. म्हणजे, मी तर लेख गंमत म्हणूनच वाचला. इतका हसलो की खळीचं भांडं पायावर सांडलं. ते शेवटचं वाक्य आहे ना, खळीचा नव्हे, ते कापून मी माझ्या टेबलावर चिकटवलंय.” त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. “खळीनंच.”

आधी पहिली रांग हसली, मग सगळा हॉल. निवृत्त बाई वही मिटून डोळे पुसत होत्या. “अहो, मी खरंच लिहून घेत होते,” त्या शेजारणीला सांगत होत्या.

बुडत्याला काडी देतात असं ऐकलं होतं, या माणसानं मला अख्खं जहाज दिलं. मी ते घेतलं. लाज वाटते सांगायला, पण घेतलं.

“कळलं तर तुम्हाला,” मी म्हणालो. “मी बघत होतो, पहिलं कोण विचारतंय. आता खरी हकीकत ऐका.” आणि मी कॅरिझ्मा, मधला तुकडा, फोटो, फोन आणि फ्रिज हे सगळं लेकीच्याच क्रमानं, जवळजवळ तिच्याच शब्दांत सांगितलं. फ्रिजला तर उभं राहून टाळ्या पडल्या. लेक टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे एकटक बघत होती आणि हे प्रकरण मला पुढची दहा वर्षं ऐकावं लागणार, हे तिच्या भुवयांवर लिहिलेलं होतं.

पण मला टोचत होतं ते वेगळंच. सगळे हसत असताना बायको माझ्याकडे नाही, बाइंडरांकडे बघत होती. तीच नजर. आणि यावेळी तिला बोलही लावता येत नव्हता, कारण मीही त्यांच्याकडे तसाच बघत होतो.

हॉल रिकामा झाला. बायको दिवे आणि खिडक्या बंद करायला आत गेली, लेक मैत्रिणींबरोबर निघून गेली. मी आणि बाइंडर खुर्च्या रचत राहिलो. दहाएक खुर्च्या झाल्यावर मी म्हणालो, “ती गंमत नव्हती.”

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“आणि ते वाक्य तुम्हालाच होतं.”

“तेही माहीत आहे. पण चांगलं होतं हो वाक्य.”

मी आणखी एक खुर्ची ठेवली. आता विचारायला काही उरलं नव्हतं, म्हणून विचारलं. “आमची ही तुमच्याशी दिवसभर काय बोलते?”

त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं. “तुमच्याबद्दल. दुसरं काय?”

“माझ्याबद्दल?”

“सकाळी आल्यापासून. आमचे हे असं म्हणाले, आमच्या ह्यांनी तसं केलं. मी तर सुरुवातीला कंटाळलो होतो, खरं सांगतो. माझी बायको हयात असताना माझ्याबद्दल असं कोणाशी बोलत असेल असं वाटत नाही. जरा हेवाच वाटला तुमचा.”

दोन आठवड्यांची आग एका क्षणात विझली. मी खुर्ची तशीच हातात धरून उभा राहिलो. “म्हणजे नेमकं काय सांगते?”

“सगळंच. मुख्य म्हणजे, तुम्हाला एखादा शब्द माहीत नसला आणि तो माहीत आहे असं दाखवायचं असलं, की तुम्ही कसा चेहरा करता ते.” ते हसायला लागले. “परवा ते रिझ आणून ठेवा म्हणालात ना, तेव्हाचा तर त्यांनी चार वेळा करून दाखवला. मी पाचव्यांदा मागितला.”

“कसा चेहरा?”

त्यांनी करून दाखवला. डावी भुवई वर, ओठ थोडे पुढे, मान अशी हळूहळू हलणारी, विद्वान बदकासारखी. मी तो चेहरा आरशात कधी पाहिलेला नव्हता, तरी बघताक्षणी ओळखला. इतका हुबेहूब करून दाखवायचा तर समोरच्याकडे वर्षानुवर्षं नीट बघितलेलं असावं लागतं. मला आनंद झाला की अपमान, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात बायको किल्ल्या वाजवत बाहेर आली.

“लेकीचा मेसेज आलाय,” ती फोन बघत म्हणाली. “म्हणते, बाबांना सांग, भाषण एकदम मिड होतं.”

“हो ना,” मी म्हणालो. “मधला भाग मलाही जमल्यासारखा वाटला.”

बायकोनं बाइंडरांचा दंड धरला. “हाच,” ती म्हणाली. “बघा, बघा, हाच तो.”

त्या शब्दाचा अर्थ मी सोमवारी पानं लावणाऱ्या मुलीला विचारला. ‘म्हणजे यथातथाच हो,’ ती म्हणाली. तो चौकटीत घ्यायची काही गरज नाही.